पाडव्याआधीची आवराआवर: घर, शरीर आणि मनाच्या स्वच्छतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की गुढीपाडव्याला पंधरा दिवस उरतात. थंडीची पांघरुणं बाजूला पडलेली असतात, कूलर बाहेर काढायचा असतो, वर्षाचं धान्य अजून यायचं असतं. या दिवसांत पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. त्या सगळ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: अंग, अन्न, पाणी आणि झोप यांच्याशी ज्यांचा रोज संबंध येतो त्या गोष्टी आधी साफ करा. जे फक्त दिसतं, ते नंतर.

दिवाळीत घर झाडून-पुसून झालं. पाच महिन्यांत पुन्हा कशाला?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. दिवाळीची सफाई पावसाळ्यानंतरची. भिंतींची ओल, बुरशी, गंजलेल्या कड्या-बिजागऱ्या, आणि पाहुण्यांसाठी घर उजळणं. चैत्राची सफाई येणाऱ्या पावसाळ्याआधीची आहे. जूनमध्ये रजई वाळवायला ऊन मिळत नाही आणि ओल लागलेल्या ट्रंकेतले कपडे सप्टेंबरपर्यंत कुबट होतात. कोकणातली आगोटची बेगमी आणि गोव्यातलं पुरुमेत याच हिशोबावर चालतात: पाऊस दारात यायच्या आत घरात काय असावं हे ठरवून टाकायचं. म्हणून दिवाळीत घासलेली पितळी भांडी आणि शोकेस आत्ता खुशाल सोडून द्या.

मग सुरुवात कुठून करायची?

अंथरुणापासून. दिवसातले सात-आठ तास आपलं नाक आणि कातडी गादी-उशीला लागून असते, आणि सफाईच्या यादीत तीच शेवटी येते. गादीत धुळीचे अतिसूक्ष्म किडे असतात. आपल्या अंगावरून गळणारा मृत त्वचेचा कोंडा हे त्यांचं खाद्य. त्यांची विष्ठा श्वासात गेली की अनेकांना सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, दमा असेल तर तो बळावतो. या किड्यांना दमट हवा लागते, म्हणून कडक ऊन हा त्यांच्यावरचा चांगला उपाय आहे. कापसाची गादी दोन्ही बाजूंनी उन्हात घाला आणि घराबाहेरच बडवा. गाठी झाल्या असतील तर पिंजून घ्या. गावात पिंजारी अजून येत असेल तर त्याला काम द्या. फोमची गादी मात्र थेट उन्हात खराब होते. ती वाऱ्याला उभी करून व्हॅक्यूमने ओढून घ्या. चादरी-अभ्रे साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले तर किडे मरतात, नुसत्या गार पाण्याने बरेचसे जिवंत राहतात.

अंथरुणानंतर पाणी साठवायच्या जागा, मग धान्य आणि औषधांचे डबे, मग कपाटं. भिंतीवरच्या तसबिरी अगदी शेवटी.

झाडताना घरात सगळ्यांना शिंका येतात, मुलीला दमा आहे. काय करू?

त्या दिवशी मुलीला दिवसभर मामाकडे किंवा शेजारी पाठवा. जळमटं काढणारा माणूस नाक-तोंड झाकून काम करू दे. वरून खाली या: आधी जळमटं, मग पंखा, मग फळ्या, जमीन शेवटी. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून ओढला की धूळ अभ्र्यातच राहते. कोरड्या फडक्याने झटकू नका, ओलसर फडक्याने पुसा.

माळ्यावर उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडायच्या नाहीत. हातमोजे घाला, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून भिजू द्या आणि मग कागदाने टिपून उचला. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हातापायाला जखम असेल तर जास्तच जपा.

बाजारात इतकी द्रव्यं आहेत. कोणती घ्यावीत? घरच्या घरी मिश्रण करून चालेल का?

या सगळ्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका. एकामागून एक, मध्ये भरपूर पाणी न ओतता, हेसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. खिडकी नसलेल्या न्हाणीघरात तो काही मिनिटांत फुप्फुसं भाजून काढू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेली काच पुसायची द्रव्यं यांचंही तसंच. डोळे चुरचुरले, छातीत जळजळ झाली तर भांडं उचलत बसू नका. आधी मोकळ्या हवेत या, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर यांचं फसफसणारं मिश्रण धोकादायक नाही, पण त्याचा फारसा उपयोगही नाही. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत: ओट्यावरच्या चिकट थराला सोडा, नळावरच्या पांढऱ्या क्षाराला व्हिनेगर किंवा लिंबू. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ यांच्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही. बहुतेक घरांना भांड्यांचा साबण, सोडा, लिंबू आणि एक जंतुनाशक एवढंच पुरतं. शीतपेयाच्या बाटलीत फिनेल भरून ठेवायची सवय मात्र आजच बंद करा. लहान मुलं ते पितात.

लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालाव्यात का?

घरात तान्हं बाळ असेल किंवा होणार असेल तर नाही. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पी-डी नावाचं विकर कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास मुरलेल्या दुपट्यात गुंडाळलं तर तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविड्यासाठी आजीच्या ट्रंकेतून काढलेली दुपटी धुऊन, खडखडीत उन्हात वाळवूनच वापरा. कपडे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर कसर सहसा लागत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची रीतही चांगली आहे. कापूर घालणार असाल तर तो मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर तोही विषारी आहे.

कूलर, टाकी आणि माठ यांची सफाई कशी करायची?

विदर्भ-मराठवाड्यात हा प्रश्न आधी यायला हवा. कूलरला हात लावण्याआधी बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग भिंतीतून काढा. दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कूलर सारताना विजेच्या धक्क्याने माणसं दगावतात. अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या ताट्यांवर क्षार आणि शेवाळ बसलं असेल तर त्या बदला.

टाकीचं तळ नुसतं खळबळून उपयोग नाही, बाजू घासायला हव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. गेल्या वर्षी कोपऱ्यात ठेवलेला कूलर न घासता भरणं म्हणजे डासांची पहिली पिढी आपल्या हाताने सुरू करणं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उकाड्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या करा. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. तिथे हवा कमी असते, माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध पडतो.

माठ साबणाने धुवायचा नाही. माती सच्छिद्र असते, ती साबण शोषून घेते आणि पाण्यात सोडते. नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून घासून कडक उन्हात वाळवा. पाणी पाझरून बाहेर येतं आणि त्याची वाफ होताना आतलं पाणी गार होतं. क्षारांनी छिद्रं बुजली की हे थांबतं. घासूनही माठ पाझरत नसेल तर त्यात झाड लावा आणि कुंभाराकडून नवा आणा.

वर्षाचं धान्य भरण्याआधी काय बघायचं?

कोठीचा तळ. जुन्या धान्याचे दाणे आणि पिठी कोपऱ्यात राहिली की पोरकिडे तिथूनच नव्या गव्हात जातात. कोठी रिकामी करून, पुसून, उन्हात तापवून घ्या. गहूही उन्हात तापवून, गार झाल्यावरच भरा; गरम भरला तर आत घाम धरतो. तूरडाळ-तांदळाला एरंडेलाचा हात लावायची जुनी रीत उत्तम. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात आणू नका, कोणी दुकानदार फुकट दिल्या तरी. ओल लागली की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि शेजारच्या खोलीत झोपलेली माणसंही दगावू शकतात.

औषधांच्या डब्यातलं काय टाकायचं?

मुदत संपलेलं सगळं. मुदत असूनही टाकायचं म्हणजे उघडून साधारण चार आठवडे झालेले डोळ्यांचे थेंब, पाणी घालून बनवलेलं प्रतिजैविकाचं उरलेलं सिरप, आणि नाव फाटलेल्या पट्ट्या. अर्धवट राहिलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या पुढच्या तापाला ठेवू नका आणि मोरीत ओतू नका. घरगुती घातक कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत द्या, पट्ट्या कात्रीने कापून. इन्शुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून, वर लिहून द्या. कचरा हाताने वेचणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाते, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. पाऱ्याचा तापमापक फुटला तर झाडू मारू नका. खिडक्या उघडा, कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून बाटलीत बंद करा.

जुन्या कपड्यांचं काय करावं? जाळायला किंवा फेकायला जीव होत नाही.

आपल्याकडे याची चांगली व्यवस्था होती आणि थोडीफार अजून आहे. बोहारीण दारात यायची, साड्या-शर्ट घ्यायची आणि त्यावर स्टीलचं पातेलं द्यायची. घासाघीस तासभर चाले, पण त्या कपड्याला पुढचा घालणारा माणूस मिळत असे. तुमच्या भागात त्या येत असतील तर त्यांना पहिला मान द्या, त्यांचं पोट त्यावर आहे. मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या. धुवायला सोपी, अंगाला सुखाची, आणि लहान बाळाला तिच्याइतकं चांगलं पांघरूण नाही. अनेक गावांत बचत गटांच्या बायका गोधड्या शिवून देतात.

दान द्यायचं असेल तर एक कसोटी ठेवा: हा कपडा मी माझ्या बहिणीला देईन का? फाटकी अंतर्वस्त्रं आणि बटणं तुटलेले शर्ट पूरग्रस्तांना पाठवणं हा त्यांचा अपमान आहे. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था शहरांतले वापरण्याजोगे कपडे गोळा करून गावांत श्रमाच्या मोबदल्यात देते, भीक म्हणून नाही. हा विचार मला मनापासून पटतो. धुऊन, इस्त्री नसली तरी नीट घडी घालून द्या.

जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या?

सुक्या कचऱ्यात नाही. लिथियमची बॅटरी कचरागाडीत दाबली गेली की पेट घेते. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फुगलेली बॅटरी टोचू नका, वेगळी द्या.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. अशा संस्था असतील तिथे मोठ्या वस्तू त्यांच्याकडे द्या. चैत्राच्या सफाईत घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला कुणाचा तरी हात लागतो. ओलं-सुकं वेगळं केलं, काच कागदात गुंडाळून वर लिहिलं, सॅनिटरी पॅड गुंडाळून दिले, तर त्या हाताचंही आरोग्य जपलं जातं.

आई-बाबा एकही वस्तू टाकू देत नाहीत. भांडण होतं.

ज्यांनी रेशनच्या रांगेत रॉकेल आणि साखरेसाठी तास काढले, त्यांना रिकामा डबा फेकताना हात आखडतो. त्यामागे त्यांचं आयुष्य आहे. ते गावाला गेले असताना माळा रिकामा करणं, हा उपाय अनेकजण करतात. मी तो कधीच सुचवणार नाही. त्यानंतर ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि राहिलेल्या वस्तू अधिकच घट्ट धरतात. एका वेळी एकच पेटी खाली आणा, शेजारी बसा आणि वस्तूची गोष्ट ऐका. बऱ्याचदा गोष्ट सांगून झाली की वस्तू सुटते. “कुणाला देऊया?” हा प्रश्न “टाकूया का?” यापेक्षा लवकर उत्तर मिळवतो. चालण्याच्या वाटेतल्या, पाय अडकेल अशा आणि पेट घेईल अशा वस्तूंबद्दल मात्र ठाम राहा.

गेलेल्या माणसाचे कपडे-चष्मा असतील तर चैत्राचा मुहूर्त धरू नका. घरातल्या ज्याला सर्वांत जास्त दुःख आहे, त्याच्या गतीने चला.

वस्तूंनी खोली भरून झोपायला, स्वयंपाकाला जागा उरली नसेल आणि कागदाचा कपटा टाकतानाही माणूस कासावीस होत असेल तर तो हट्ट नाही. अशा साठवणुकीला मानसिक आजार म्हणून मान्यता आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे भंगारवाल्याआधी मनोविकारतज्ज्ञ हवा.

दरवर्षी ही सगळी सफाई माझ्यावरच पडते. पाडव्याला मी आजारीच असते. याने कसलं आरोग्य?

बरोबर विचारता आहात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात असं आढळलं. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात कमी. त्यावर वार्षिक सफाई चढवली की कंबर, गुडघे आणि स्वभाव तिन्ही बिघडतात.

म्हणून कामं वाटा, आणि ‘मदत’ हा शब्द वापरू नका. मदत म्हटलं की मूळ काम तुमचंच ठरतं. माळा आणि पंखे नवऱ्याचे. वह्या-पुस्तकं आणि खेळणी मुलांची, सात वर्षांच्या मुलालाही ते जमतं. सासऱ्यांकडे कागदपत्रं. काम दिलं की ते त्यांच्या पद्धतीने होऊ द्या, मागून पुन्हा पुसू नका. घरकामाला येणाऱ्या ताईंकडून जादा काम घेणार असाल तर पैसे आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. मनुष्यबळ नसेल तर यंदा फक्त अंथरूण, पाणी आणि औषधांचा डबा एवढंच करा. बाकी राहिलं तरी कुणी आजारी पडत नाही.

शरीराच्या सफाईसाठी ‘डिटॉक्स’ घ्यावा का? तीन दिवस नुसत्या रसावर राहायचं म्हणतात.

यकृत आणि मूत्रपिंडं हे काम रात्रंदिवस करतात. कुठलाही बाटलीबंद रस त्यांचं काम वाढवू शकतो, करू शकत नाही. रसात चोथा नसतो, साखर पटकन रक्तात जाते, प्रथिनं मिळत नाहीत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना तीन दिवसांचा रसाहार सरळ धोक्याचा आहे. त्यापेक्षा शरीरात जाणारं कमी करा: तंबाखू, दारू, पाकिटातले तळलेले पदार्थ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत आणि साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही यात मोजायचं. मिश्रीने दात घासणारं कुणी घरात असेल तर तो डबा बाहेर काढणं ही या वर्षातली सर्वांत मोठी सफाई ठरेल. मिश्री तंबाखूचीच असते.

एरंडेल घेऊन कोठा साफ करावा का?

पूर्वी रविवारी मुलांना रांगेत बसवून पाजायचे म्हणून आपणही घ्यावं असं नाही. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात जुलाब झाले तर शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. गरोदर बाईने तर घेऊच नये, एरंडेलाने गर्भाशय आकुंचन पावतं. रोज पोट साफ होत नसेल तर ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, भरपूर पाणी आणि चालणं महिनाभर करून बघा. शौचातून रक्त, वजन घटणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेलं बद्धकोष्ठ असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

आयुर्वेदात वसंतासाठी काय सांगितलं आहे?

थंडीत साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते, असं ऋतुचर्या सांगते. म्हणून हलकं खाणं: जव, जुने गहू, मूग, कडू-तिखट-तुरट चवी. व्यायाम करावा, उटणं लावावं, दिवसा झोपू नये. जड, गोड, आंबट, तळलेलं कमी. पाडव्याचं श्रीखंड या यादीत बसत नाही, ते सणाचं जेवण आहे. एक वाटी आनंदाने खा आणि उरलेलं आठवडाभर पुरवू नका.

वमनासारखं पंचकर्म याच ऋतूत करतात, पण ते शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखाली, तपासणी करून. चित्रफीत बघून मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढणं हे वमन नव्हे. त्याने रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

कडुनिंब किती खावा?

पाडव्याला कोवळा पाला किंवा मोहोर, ओवा, मिरी, हिंग, मीठ, चिंच आणि गूळ घालून वाटतात, काही घरांत भिजवलेली हरभऱ्याची डाळही घालतात. ती चमचाभर चटणी प्रौढांना पुरे. रोज वाटीभर रस पिऊन रक्त शुद्ध होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नका. गरोदरपणात टाळा. कडुनिंबाचं तेल बाळाच्या पोटात थेंबभरही जाऊ देऊ नका, त्याने झटके आल्याच्या आणि मेंदूला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

जलनेती घरी करू का?

एका नाकपुडीतून पाणी घालून नाक धुण्याची ही योगक्रिया शिकून घेतली असेल तर करा. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं, नळाचं, विहिरीचं किंवा बोअरचं तसंच नको. दूषित पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर क्वचितच कुणी वाचतं.

पसारा आणि मन यांचा खरंच संबंध आहे का?

काही प्रमाणात. लॉस एंजेलिसमधल्या कुटुंबांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बायकांनी आपल्या घराचं वर्णन करताना पसारा, अर्धवट कामं असे शब्द जास्त वापरले, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दिवसभरात हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्याने ताण आला की ताणामुळे पसारा झाला, हे त्यातून ठरत नाही. पण तो पसारा कुणाच्या डोक्यावर असतो, हे दिसतं. म्हणूनच वर कामांच्या वाटणीबद्दल इतकं लिहिलं. रिकामा ओटा पाहून मन हलकं होतं, आणि तोच ओटा रिकामा ठेवायच्या धास्तीने ते जडही होतं.

मनाची सफाई म्हणजे नेमकं करायचं काय?

शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत: कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरं का कापता, माणसाला माणूस का मानत नाही? दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच दिवशी केली. मनाच्या सफाईचा अर्थ मला तिथे सापडतो. आपण वर्षानुवर्षं न तपासता जे वागतो, ते एकदा खाली काढून बघायचं. ऐपतीबाहेरचं रुखवत, भावाशी धरलेला अबोला, शेजाऱ्याच्या जातीवरून केलेली कुजबुज. यातलं काय यंदा घरात ठेवायचं नाही?

हे एकट्याने करायचं असेल तर वही घ्या. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातल्या सर्वांत खोल दुःखाबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बेताचाच दिसला, तरी खर्च फक्त वहीचा आहे. लिहिताना जुनी जखम सहन होत नसेल तर थांबा आणि कुणाशी तरी बोला.

झोप लागत नसेल तर रात्री पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. २०१८ च्या एका प्रयोगात झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा राहिलेल्या कामांची यादी करणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

मोबाइलची सफाई?

माणसांचे फोन-मेसेज सोडून बाकी सगळ्या सूचना बंद करा. सुप्रभातची चित्रं गाळा. मात्र जुने फोटो घाईने पुसू नका, आधी कौटुंबिक फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, उशाशी साधं घड्याळ.

दोन महिन्यांपासून अंथरूणही आवरावंसं वाटत नाही. मी आळशी झाले आहे का?

नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर हे नैराश्य असू शकतं, आणि सफाई हा त्यावरचा उपाय नव्हे. उलट दिवसातून दहादा ओटा पुसूनही समाधान होत नसेल, हात सोलवटेपर्यंत धुतले जात असतील, तर त्याकडेही टापटीप म्हणून पाहू नका. दोन्हींसाठी टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि मराठीतही बोलता येतं. घरातलं कुणी अशा अवस्थेत असेल तर “ऊठ, आवर” म्हणण्याऐवजी शेजारी बसून फोन लावून द्या.

आम्ही परदेशात राहतो. तिथे हे कसं जमवायचं?

युरोप-अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं पुढे सरकतात, पाडवाही साधारण त्याच सुमाराला येतो. त्या रविवारी धुराच्या अलार्मची बॅटरी तपासा, तिकडच्या लाकडी घरांत ते सर्वांत आधी. हीटिंगचे फिल्टर बदला. परागांची ॲलर्जी असेल तर गाद्या-चादरी बाहेर वाळवू नका, ड्रायरमध्ये वाळवा. इथला उन्हाचा सल्ला तिकडे उलटा पडतो. थंडीचे कोट धुऊन, चांगले असतील तर धर्मादाय दुकानात द्या. भारतातून आणलेल्या औषधांच्या पट्ट्यांच्या मुदती बघा आणि मुदत संपलेल्या जवळच्या औषधाच्या दुकानात परत घेतात का ते विचारा, बऱ्याच देशांत घेतात.